तान्ह्या पोळ्याचे बैल अन् आपला बंडू

ताई: काकू, या शनिवारी बंडूले आमच्या मंडळात पाठवा न. पोळा महिन्यावर आला, लेकरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवणं सुरू हाये. दिव्यांग पोरं येते तिथं, कोणाले दिसत नाही, कोणाले ऐकू येत नाही, अन् गावातली बाकीची पोरंही त्यांच्यातच बसते.

काकू: त्याच्या हातात ब्रश ठरते का बाई? मूठ आवळली की उघडत नाही. सगळं सांडून ठेवन.

ताई: सांडू द्या. मागच्या शनिवारी एक पोरगी आलती, तिची मूठ बी अशीच. ब्रशच्या दांडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, दांडी चांगली जाड केली, मंग धरता आली तिले. बैल सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. म्या म्हटलं झूल पिवळी कर, तं तिनं मान हलवली अन् निळ्या डबीकडे हात नेला. निळीच झूल झाली. आमच्यात कोणी कोणाचा हात धरून रंगवून देत नाही.

मोठेबाबा: पोरी, सगळं ठीक. पण यानं पोट भरते का? त्याच्या निराधार योजनेच्या पैशाचं काय झालं ते पाह्य आधी.

ताई: ते तं करायचंच मोठेबाबा. बंडूले सेरेब्रल पाल्सी हाये, म्हणजे मेंदूच्या इजेनं हातपाय आखडते; ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हाये, प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या वर हाये, यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगाच्या ओळखपत्राच्या, मागं मी लागते. पण पैसे खात्यात आले तरी दिवस त्याले ओसरीतच काढा लागते न! शाळा होती तं चार जण भेटत होते. १८ झाले अन् तेही सुटलं. मले त्याचंच लागून राह्यते.

दादा: वरोऱ्याले बाबा आमटेंच्या आनंदवनात स्वरानंदवन या तिथल्याच वाद्यवृंदाचा कार्यक्रम पाह्यला मी. अंध, मूकबधिर, पायानं अधू, सगळे कलावंत. लोक कीव म्हणून टाळ्या वाजवत नव्हते, गाणं जमलं होतं म्हणून वाजवत होते.

मामा: अन् आमच्या परतवाड्याजवळ वझ्झरले शंकरबाबा पापळकर. बेवारस दिव्यांग लेकरं सांभाळली, १८ झाल्यावर कोणाले बाहेर काढलं नाही. तिथली झाडं त्याच लेकरांनी वाढवली. २०२४ ले पद्मश्री जाहीर झाली बाबांले.

काकू: ती मोठी माणसं. आपल्या गावात कोण करते एवढं?

ताई: एवढं कोणी मागतच नाही काकू. शाळेची एक खोली, शनिवारची दुपार, एक सुतार, दोन मॅडम अन् कॉलेजची पोरं, बस. मोठेबाबा, ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असते. रंग, ब्रश अन् ने-आणीचा ऑटो त्यातून होत असन तं विचारा न. ३ डिसेंबरले, दिव्यांग दिनाले, हार, बिस्किटपुडा अन् फोटो, मंग वर्षभर कोणी ढुंकून पाहत नाही. हे बंद व्हायले पाह्यजे.

मोठेबाबा: १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी विषय मांडतो. सरपंचाशी आजच बोलतो.

दादा: तोवर ऑटो माझा. बंडूची चाकाची खुर्ची घडी करून मागं बसते, पाह्यलं मी.

काकू: बरं, पाठवते. त्याले सांगितलं तं ‘बोजारा?’ म्हणून विचारून राह्यला, बैल घेऊन गेलं की घरोघरी पोरांले खाऊ-पैसे भेटते न, तो.

ताई: मंग! रंगवलेला बैल घेऊन तोच जाईन दारोदार, अन् सगळ्या पोरांच्या मधात. वेगळी रांग नाही. दादा, पंक्चरवाल्याकडून दोन-तीन फाटक्या ट्यूब आणून ठेवजा, शनिवारी लागन.