सेक्टर रिकामा होतोय : गणपतीची वर्गणी दारोदार मागायची, की बिल्डरची कमान घ्यायची?
(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पावतीवही :
नवी मुंबईत वाशीच्या जेएन टाईप इमारतींपासून सानपाडा-नेरूळपर्यंत, हे शहर वसवणाऱ्या सिडकोच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्याची झळ सेक्टरच्या सार्वजनिक गणपतीला आधी लागते. तळमजला अधिक तीन, मजल्यावर चार दारं, अशी एक इमारत रिकामी झाली की सोळा पावत्या गेल्या. आठ इमारती एकदम गेल्या की १२८. माणसं भाड्याने घणसोलीला, खारघरला, उलव्याला पांगतात आणि मांडवाचा खर्च मात्र होता तेवढाच राहतो.

मग सोपा उपाय सुचतो. ज्या बिल्डरने इमारती घेतल्या त्याच्याकडूनच मोठी रक्कम घ्यायची आणि रस्त्यावर त्याच्या जाहिरातीची कमान उभी करायची. माझा याला विरोध आहे. खर्च कापावा, मूर्ती लहान करावी, पण वर्गणी दारावर जाऊनच मागावी. ज्याच्या दारात कोणी गेलं नाही तो आरतीलाही येत नाही, आणि पुढच्या वर्षी खुर्च्या लावायला माणूस मिळत नाही.

वर्गणी कमी जमते याचं कारण बहुतेक वेळा फेरीच चुकीची असते. चतुर्थीच्या दीड महिना आधी पहिली फेरी हवी, तीही महिन्याच्या १ ते १० तारखेत, कारण तेव्हा लोकांच्या हातात पैसे असतात. शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ, रविवारी साडेदहा ते एक. दोघांची जोडी : एकाकडे पावतीपुस्तक, दुसऱ्याकडे दारांची यादी. वरच्या मजल्यापासून खाली उतरत यायचं. बंद दाराखाली चिठ्ठी सरकवायची आणि यादीत 'बंद' लिहायचं, म्हणजे दुसरी फेरी फक्त त्या दारांची. पुस्तकातली आधीची रक्कम बघून पुढचा माणूस तेवढेच देतो, म्हणून पहिल्या दोन पावत्या नेहमी सढळ हाताने देणाऱ्यांच्या घ्याव्यात. हे साधं वाटतं, पण अख्ख्या पुस्तकाची बेरीज त्यावर ठरते.

ऐरोलीकर :
असहमत. तुमचंच गणित पुढे नेतो. समजा सेक्टरमध्ये २४० दारं, दाराला पाच मिनिटं, म्हणजे एका फेरीला वीस तास. तुम्ही दिलेल्या वेळा धरल्या तर एका जोडीचे आठवड्याला साडेचार तास होतात. एकच जोडी असेल तर फक्त पहिल्या फेरीला साडेचार आठवडे लागतील. चार-पाच जोड्या हव्यात, आणि त्याच नाहीत. वीस-पंचवीस वर्षांची मुलं ढोल-ताशा पथकाच्या सरावाला असतात, नोकरीवाले साडेआठला ट्रेनमधून उतरतात.

बिल्डरने १२८ दारं काढून घेतली, तर तीन-चार वर्षं तेवढी भरपाई त्याने द्यायला काय हरकत आहे? अट घाला : एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही, मूर्तीच्या मागे फलक नाही, स्टेजवर भाषण नाही. उत्सव दोन वर्षं बंद पडला तर परत उभा करणं फार कठीण. साहित्य विकलं जातं, जागेची परवानगी दुसऱ्याच्या नावावर होते, सामान ठेवायची खोली जाते.

हिशेबनीस :
दोघांनीही कागदाची बाजू सोडली आहे, म्हणून लिहितो.

मंडळाची नोंदणी नसेल तर वर्गणी मागण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ती त्या उत्सवापुरती असते आणि नंतर हिशेब सादर करावा लागतो. गेल्या वर्षीचा हिशेब नसेल तर यंदाचा अर्ज तिथेच अडतो. म्हणून आधी तो पुरा करा, मग पुस्तकं छापा.

बिल्डरबद्दल : तो 'एटीजीची पावती द्या' म्हणणार, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवून देणारी ८०-जीची पावती. धार्मिक कामावर उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या संस्थेला ती सवलत मिळत नाही, त्यामुळे गणेशोत्सव मंडळाने तसं तोंडी आश्वासनसुद्धा देऊ नये. रोख देतो म्हणाला तर एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. चेकच घ्या.

आणि पैशांपेक्षा मोठी अडचण अशी की ज्याच्याशी सोसायटीचा करारनामा चालू आहे, भाड्याच्या रकमेवरून वाद आहे, त्याच्याकडून मंडळाने पैसे घेतले तर मंडळातलेच सभासद सोसायटीच्या सभेत कोणत्या तोंडाने बोलणार? दोन्हीकडे माणसं तीच असतात. या एका कारणासाठी मी पावतीवही यांच्या बाजूने.

पण फक्त पावतीपुस्तकावर विसंबून राहू नका. रिकाम्या इमारतींतले लोक गेले तरी तुटलेले नाहीत. चाव्या देण्याआधी प्रत्येक दाराचा नवा पत्ता आणि फोन यादीत घ्या, त्यांच्याकडून क्यूआरवर वर्गणी घ्या. क्यूआर मंडळाच्या, दोन सह्यांनी चालणाऱ्या खात्याचा. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कधीच नाही. नेमकं काय बिघडतं सांगतो : बँकेच्या विवरणात मुलाचं किंवा सुनेचं नाव येतं, दार कळत नाही. म्हणून संदेशात इमारत आणि फ्लॅट क्रमांक लिहायला सांगा. स्क्रीनशॉट बघून पावती फाडू नका, खात्यात रक्कम दिसल्यावरच फाडा.

पुस्तकांचं : ५० पावत्यांचं पुस्तक, अनुक्रमांक छापलेले. कोणाला कोणतं दिलं याची नोंद सहीने. चुकलेल्या पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच राहिल्या पाहिजेत. कोरं पुस्तकही परत घ्यायचं, कारण न आलेलं पुस्तक म्हणजे हिशेबात भोक.

बेलापूरपट्टी :
गावठाणात हा प्रश्न गावकीने कधीच सोडवलाय. घरटी ठरलेली वर्गणी, आळीनुसार माणूस, जत्रेआधी सगळी जमा. सेक्टरवाल्यांनी तेच करावं. रक्कम सभेत ठरवा, सोसायटीच्या मासिक बिलात घाला, दारोदार फिरायची गरजच उरणार नाही.

हिशेबनीस :
बेलापूरपट्टी, इथे ते चालणार नाही. गावकीत सगळे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, देवही एकच. सोसायटीत भाडेकरू आहेत, इतर धर्मांची माणसं आहेत. देखभालीच्या बिलात वर्गणी टाकली की ती सक्ती झाली. एकाने सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे तक्रार केली की सोसायटी आणि मंडळ दोन्ही अडकतात. आणि सक्तीची वर्गणी दमदाटीपर्यंत गेली तर ती खंडणी ठरते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. नाही म्हणणाऱ्या दाराला नमस्कार करून पुढे जायचं, यादीत फक्त 'नाही' लिहायचं, शेरा नाही.

मांडवखांब :
सगळे जमेवर बोलताहेत, खर्चावर कोणीच नाही. खर्च मूर्तीच्या उंचीने ठरतो. मूर्ती नऊ फुटांची केली की चौथरा, पाठीमागची सजावट, मांडवाचं छप्पर, टेम्पोऐवजी ट्रक, विसर्जनाला क्रेन, सगळं वाढत जातं. तीन फुटांची शाडूची मूर्ती चार-सहा माणसं उचलतात आणि महापालिकेच्या कृत्रिम तलावात विसर्जन होतं. फक्त शाडूची मूर्ती आधी सांगावी लागते. पावसाळी हवेत ती सावकाश वाळते, घाई करून वाळवली की तडे जातात. जुलैमध्ये सांगायला गेलात तर चांगला कारागीर नाही म्हणेल.

वीज : ५०० वॉटचे वीस हॅलोजन म्हणजे १० किलोवॉट. १०० वॉटचे एलईडी लावले तर २ किलोवॉट. महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करताना तेवढाच भार मागावा लागतो, अनामतही त्या मानाने. बिल वाचवायला सोसायटीच्या मीटरवरून किंवा पथदिव्यावरून वायर ओढू नका. लोखंडी पाइपचा मांडव पावसात भिजलेला असतो, सोललेली वायर टेकली की अख्खा सांगाडा शॉक देतो. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी, या दोन गोष्टींत काटकसर करायची नाही.

साऊंड दहा दिवस भाड्याने कशाला? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंदच. बारापर्यंतची सूट जिल्हाधिकारी ठरवतील त्याच दिवसांची. रोजच्या आरतीला दोन छोटे स्पीकर पुरतात, मोठा संच सवलतीच्या दिवसांपुरताच घ्या.

प्रसाद वस्तुरूपात मागा. धान्य, मसाला, फळं या सगळ्यांचा घाऊक बाजार तुर्भ्याच्या एपीएमसीत शेजारीच आहे. एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो तूप, अडीच-तीन लिटर दूध यांचा शिरा ६० ग्रॅमने वाटला तर ८० जणांना पुरतो. तीनशे माणसांना चार किलो रवा धरा. वस्तूची पावतीसुद्धा फाडा, किमतीसह.

ऐरोलीकर :
मांडवखांब यांचा उंचीचा मुद्दा मान्य. निम्मी तूट तिथेच भरून निघेल. उरलेल्या निम्म्यासाठी लकी ड्रॉ ठेवला तर? १०० रुपयांचं कूपन, एक मिक्सर, दोन कुकर. कूपन पटकन खपतात.

हिशेबनीस :
नको. तिकीट विकून सोडतीने बक्षीस देणं म्हणजे विनापरवाना लॉटरी. त्यापेक्षा स्मरणिका काढा. छपाई १६ पानांच्या फॉर्मवर, म्हणजे एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटात होते, म्हणून पानं १६ च्या पटीत ठेवा. १८ पानं केलीत की दोन पानांसाठी वेगळी छपाई. जाहिरातीचा मजकूर आणि चेक एकाच वेळी घ्यायचा. उत्सव झाल्यावर जाहिरातीचे पैसे वसूल करायला निघालेल्या मंडळाच्या हाती 'पुढच्या आठवड्यात या' एवढंच लागतं. सेक्टरमधले वाणी, केमिस्ट, क्लासवाले, डेंटिस्ट आनंदाने पाव पान घेतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक तेच आहे.

ऐरोलीकर :
मग त्याच स्मरणिकेत बिल्डरला इतरांच्याच दराने एक पान द्या. कमान नाही, अट नाही, मेहेरबानी नाही. यालाही विरोध असेल तर तो हट्ट आहे.

पावतीवही :
कमानीला माझा विरोध कायम. पानाबद्दल विचार केला. इतरांच्याच दराने, आतलं पान, चेकने, आणि करारनाम्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या असतील तरच. सह्या बाकी असतील तर यंदा नाही. जोड्यांचा प्रश्न मात्र तुमचा बरोबर आहे. त्यावर असं करता येईल : प्रत्येक इमारतीतल्या एकाने फक्त आपल्या इमारतीची सोळा दारं घ्यायची. पाच मिनिटांच्या हिशेबाने दीड तासही लागत नाही. रिकाम्या झालेल्या आठ इमारतींसाठी त्यांच्यातलाच एकेक जण फोनवर. यादी इमारतीनुसार वेगळ्या कागदांवर आत्ताच करून ठेवा. पुढची इमारत कधी रिकामी होणार ते सोसायटीच्या सचिवाला विचारा आणि त्याआधीच्या रविवारी त्या जिन्यात जा.