माशाच्या अंगातले 'क्षार' म्हणायचे की 'लवणं'?

नमस्कार मंडळी, नागपूर जिल्ह्यातल्या तलावांवर मासे पाळणाऱ्या ढिवर बांधवांसाठी एक छोटी पुस्तिका लिहून राहिलो आहे आणि एका वाक्यावर गाडी अडली. "पाणी आम्लधर्मी झाले की माशाच्या शरीरातले क्षार कमी होतात." ज्यांना वाचायला दिलं त्यांनी अर्थ असा घेतला की आम्ल माशाच्या पोटात जातं आणि तिथला क्षार मारतं, आपण ॲसिडिटीवर सोडा घेतो ना, त्याच्या उलटं. तसं तर होत नाही. मग इथे शब्द कोणता घ्यावा? आणि ऑस्मोरेग्युलेशनला काय म्हणावं?

---

भाऊ, लोकांनी तसं वाचणारच. शाळेच्या मराठी पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार, म्हणजे क्षार हा मिठाचा वर्ग. शेतीत आणि वैद्यकात मात्र क्षार म्हटलं की आम्लाच्या विरुद्धचा. आपल्या नागपुरात हिंदी माध्यमात शिकलेले कितीतरी, त्यांच्यासाठी मीठ ते लवण आणि क्षार म्हणजे अल्कलीच. बोअरचं पाणी 'क्षाराचं' म्हणतो तेव्हा तर कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. म्हणून लवण लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे सोडियम, क्लोराइड अशी नावंच द्या.

ऑस्मोसिसला आपल्याकडे परासरण आहेच, त्यावरून परासरण-नियमन. पण तलावावरच्या माणसासाठी 'अंगातलं मीठ-पाणी सांभाळणं' हेच मला बरं वाटतं.

कारण काम तेच आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात सोडियम साधारण १५० मिलिमोल प्रति लिटर, आणि बाहेरच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी १ सुद्धा नाही, त्यामुळे पाणी सारखं आत शिरत राहतं आणि मीठ सारखं बाहेर झिरपत राहतं. म्हणून हा मासा पाणी जवळपास पीत नाही, पातळ लघवी भरपूर करतो, आणि गेलेलं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींनी परत ओढतो, सोडियम आत घेताना हायड्रोजन आयन बाहेर टाकतो, क्लोराइड घेताना बायकार्बोनेट. गोड्या पाण्यातले प्राणी असं मीठ ओढून घेतात हे डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९३० च्या दशकात दाखवलं.

आता पाण्याचा सामू (म्हणजे पीएच, जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) ५ च्या खाली गेला की बाहेर हायड्रोजन आयनांची इतकी गर्दी होते की आणखी बाहेर ढकलणं अवघड होतं, मग सोडियम आत येणं मंदावतं, कधी बंदच पडतं. वरून कल्ल्यांच्या पेशींचे सांधे धरून ठेवणारं कॅल्शियम सुटतं आणि मीठ भराभर गळू लागतं. आवक बंद, गळती चालू. रक्त घट्ट होत जातं आणि शेवटी रक्ताभिसरणच कोलमडतं. म्हणून 'कमी होतात' हे क्रियापदच मला इथे मिळमिळीत वाटतं, 'गळतात' म्हणा.

---

'गळतात' एकदम पटलं ताई. एक जोड, चुन्याचं नक्की लिहा. तळ्यात चुना टाकायचा हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे पण काऊन ते कोणी सांगत नाही. चुन्याने सामू तर वर येतोच, शिवाय त्यातलं कॅल्शियम कल्ल्यांचे सांधे घट्ट ठेवतं. आपली काळी माती मुळात विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, त्यामुळे सरसकट टाकू नका, आधी सामू मोजा. कोळसा खाणीच्या पाण्याजवळ तळं असेल तर विशेष, कारण कोळशातल्या पायराइटला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं.

---

वाक्यात 'बहुतेक मासे' हवं हो. ॲमेझॉन खोऱ्यातल्या रिओ निग्रोत पाण्याचा सामू ४-५ च्या आसपास आणि मीठ नगण्य, तिथे कार्डिनल टेट्रा मजेत जगतो, त्याचे कल्ले मुळातच कमी गळतात, आणि पाण्यातलं कुजक्या पाल्याचं द्रव्यही मदतीला असतं. जपानच्या ओसोरेझान तलावात तर सामू ३.५ च्या आसपास, तरी तिथे डेस जातीचा एक मासा आहे. रोहू-कटल्याला मात्र ही सोय नाही.

---

धन्यवाद ताई, धन्यवाद मंडळी. आता वाक्य असं केलं: "पाण्याचा सामू ५ च्या खाली गेला तर रोहू, कटला, मृगळ यांच्या कल्ल्यांतून सोडियम, क्लोराइड ही लवणं गळतात आणि पाण्यातून परत घेता येत नाहीत." चुन्याचा भाग पुढच्या परिच्छेदात घेतो. 'सामू' शेतकऱ्यांना माती परीक्षणाच्या कागदावरून माहीत असतो, म्हणून तो तसाच ठेवला.