‘शाबेस-गोये’ म्हणजे नेमकं काय? स्वतःबद्दल हा शब्द लिहू का?

शरणपूरची_सिस्टर (नाशिक)

नमस्कार. मी निवृत्त नर्स आहे, वय ६१. २०१३ ते २०१७ अशी चार वर्षं मी इस्राएलमध्ये पेताह तिक्वा इथे एका आजींच्या घरी राहून त्यांचं सगळं केलं. आजी मूळच्या पोलंडच्या. मुलाशी-सुनेशी हिब्रूत बोलायच्या, पण मनातलं काही असलं की यिडिशमध्ये.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत टेबलावर दोन मेणबत्त्या लागायच्या. तिथपासून शनिवारी रात्री तीन चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शाबेस, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. घरात कुणी बटण दाबायचं नाही, गॅस पेटवायचा नाही. बटण मी दाबायची. पण आजींनी ‘दिवा लाव’ असं एकदाही म्हटलं नाही. नुसतं म्हणायच्या, “किती अंधार आहे ना इथे.” मग मी माझं पुस्तक घेऊन त्यांच्या खोलीत जायची, मला वाचायचंय म्हणून दिवा लावायची आणि त्याच उजेडात त्या आपलं स्तोत्रांचं पुस्तक उघडायच्या.

पहिल्याच वर्षी घरी पाहुणे आले होते. आजींनी माझा हात धरून त्यांना सांगितलं, “ही माझी शाबेस-गोये.” सगळे हसले. सून मात्र कावरीबावरी झाली. नंतर ओट्यापाशी येऊन म्हणाली, मनावर घेऊ नका, जुन्या माणसांचा शब्द आहे. खरं तर तोवर मला काही वाटलंच नव्हतं. तिनं समजूत घातली आणि मग तो शब्द मनात रुतून बसला.

आजी गेल्या वर्षी वारल्या. आता पहिलं वर्षश्राद्ध आहे, त्याला ते लोक यारत्साइट म्हणतात. घरच्यांनी आठवणींची छोटी पुस्तिका करायला घेतली आहे आणि एक पान मला मागितलंय. तो शब्द गाळून मला माझी चार वर्षं लिहिता येत नाहीत. भाचा म्हणतो, आत्या, ती शिवी आहे. त्यानं मोबाइलवर काय काय दाखवलं, ते इथे लिहवत नाही.

अजून एक. मी इथल्या चर्चमध्ये वाढले. शिमोनाचं गीत लहानपणापासून पाठ आहे, ‘परराष्ट्रीयांना’ उजेड मिळेल म्हणणारं. हे परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, कुणी रोमी, ग्रीक असतील अशी माझी समजूत. पाहुणे गेले त्या रात्री बॅगेतलं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं आणि पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा कळलं, अगं, परराष्ट्रीय म्हणजे तू.

रेवदंड्याची_लेक (ठाणे)

ताई, मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी. आमच्या घरात हा शब्द मी कधी ऐकला नाही, कारण यिडिश ही युरोपातल्या यहुद्यांची बोली. आमची आजी मराठीतच रागवायची. पण हिब्रू प्रार्थना रोजच्या, म्हणून मुळाचं सांगते.

‘गोय’चा हिब्रूतला पहिला अर्थ राष्ट्र, लोकसमूह. अनेकवचन ‘गोयीम’. तोरात, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, देव अब्राहामाला म्हणतो, तुझं मोठं राष्ट्र करीन. तिथे शब्द आहेत ‘गोय गादोल’. सिनाय डोंगरापाशी इस्राएल लोकांनाच ‘गोय कादोश’, पवित्र राष्ट्र म्हटलंय. म्हणजे त्या अर्थानं आम्हीही गोयच. यशयाच्या पुस्तकात एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्रावर तलवार उचलणार नाही असं आहे, तिथेही दोन्हीकडे गोय. हिब्रू शास्त्रात हा शब्द साडेपाचशेहून जास्त वेळा येतो आणि त्यात शिवी कुठे नाही.

पुढे ‘गोयीम’ म्हणजे आपण सोडून बाकीची राष्ट्रं, असा वापर वाढला. मग रब्बींच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, लिखाणात एकट्या माणसालाही गोय म्हणू लागले. यिडिशमध्ये तोच आला, बाई असेल तर गोये. खोटं कशाला सांगू, यिडिशमध्ये तो हेटाळणीनंही वापरतात. ‘गोयिशे कोप’ म्हणजे गोयचं डोकं, मठ्ठ माणसाला म्हणायचं. पण शाबेस-गोय हे कामाचं नाव. पोलंडच्या कडाक्याच्या थंडीत शनिवारी यहुद्यांच्या घरी येऊन चूल पेटवणारा शेजारी, तो शाबेस-गोय.

आणि दिव्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थांबले. मिश्नात, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, अगदी हाच नियम आहे. परक्यानं दिवा स्वतःसाठी लावला तर त्याचा उजेड आपण वापरावा, आपल्यासाठी लावला तर वापरू नये. आजाऱ्यासाठी तर सरळ सांगायचीही मुभा असते. तुमच्या आजींनी चार वर्षांत तीही घेतली नाही.

कॉलेजरोडचा_निखिल

मावशी, माझं मत विचाराल तर नका लिहू. नेटवर यहुद्यांचा द्वेष करणारे लोक हा शब्द मुद्दाम त्यांच्या तोंडी घालून चित्रं फिरवतात. तुमच्या भाच्यानं तेच पाहिलं असणार. ते पान उद्या कुणी फोटो काढून भलतीकडे टाकलं तर?

रेवदंड्याची_लेक

निखिल, पुस्तिका घरातल्यांसाठी आहे. द्वेष करणाऱ्यांनी उचलला म्हणून आजींचा शब्द त्यांच्या हवाली करायचा का? आपला-परका ही रेघ कुणाच्या कुठल्या बाजूनं ओढली जाईल याचा नेम नसतो रे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे. तेच लोक इस्राएलला गेले तर तिथे १९६२ साली आदेश निघाला, बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. म्हणजे हे खरे यहुदी की नाही अशी शंका! लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, १९६४ मध्ये संसदेनं ठराव केला तेव्हा ते मिटलं.

ताई, सुनेला विचारा. तिला चालणार असेल तर खुशाल लिहा, पण आजींच्या तोंडचा म्हणून, अवतरणात.

पंचवटीकर_सर

चौतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, म्हणून दोन शब्द. आपल्याकडचा ‘म्लेच्छ’ पाहा. पतंजली महाभाष्याच्या सुरुवातीलाच सांगतो की असुर ‘हेऽलयो हेऽलयः’ असे अशुद्ध उच्चार करत हरले, म्हणून ब्राह्मणानं म्लेच्छासारखं बोलू नये. म्हणजे हा शब्द जन्मालाच आला तो दुसऱ्याच्या बोलण्याला नावं ठेवत. ‘यवन’चं तसं नाही. तो मुळात आयोनियाचा ग्रीक, निव्वळ मुलखावरून पडलेलं नाव. बखरींत येईपर्यंत तो मुसलमान झाला. ‘गोय’ हा यवनच्या जातीचा शब्द. आरंभी स्वच्छ, पुढे वापरणाऱ्याच्या मनाप्रमाणे मळलेला.

मारी या प्राचीन नगराच्या, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर ‘गायुम’ असा शब्द टोळी, कूळ या अर्थी सापडतो. तो गोयचाच भाऊबंद. (आपल्या गाईशी किंवा गोव्याशी त्याचं काही नातं नाही. कुणी विचारण्याआधीच सांगून टाकतो.) हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात गोयला ‘एथ्नोस’ आलं, लॅटिनमध्ये ‘गेन्स’. त्या गेन्सवरून इंग्रजी ‘जेंटाइल’, आणि मराठी शास्त्रात ‘परराष्ट्रीय’. सिस्टर, मराठी भाषांतरकारानं मूळ ‘राष्ट्र’ राखलं, हे मला फार बरं वाटतं. ‘पर’ तेवढं पुढे चिकटलं.

शरणपूरची_सिस्टर

सर, ताई, दोघांचं चारदा वाचलं. ‘पर’ मागून चिकटलं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बायबलमध्ये रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, प्रेषित पौलानं परराष्ट्रीयांना रानजैतुनाच्या फांदीची उपमा दिली आहे. चांगल्या झाडाला रानटी फांदीचं कलम केलं आणि मुळाचा रस तिलाही मिळाला. माझ्या भावाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, त्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, अक्का, असं कलम कुणी करत नाही.

निफाडचा_बागायतदार

भाऊ बरोबर बोलले ताई. आमच्यात उलटं. खाली खुंट रानटी, डॉगरिज. त्याला पाणी कमी पडलं, जमीन खारवट असली तरी तो दम धरतो. वर काडी थॉमसनची नाहीतर दुसऱ्या गोड जातीची. गोड झाडावर रानटी काडी चढवली तर फळ रानटीच येणार. शब्दाचं मला काही कळत नाही, पण ठिबक बघायला त्या देशात जाऊन आलोय. माणसं तोंडावर फटकळ, पण जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

शरणपूरची_सिस्टर

दादा, पौलालाही ते ठाऊक होतं. तो स्वतःच म्हणतो, हे निसर्गाविरुद्ध झालं. इतकी वर्षं तो शब्द मी नुसता वाचून पुढे जात होते. आता दिंडोरीची बाग डोळ्यांपुढे येते.

काल रात्री सुनेला फोन लावला. सरळ विचारलं, तो शब्द लिहू का. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, तुम्ही गेल्यावर आम्ही दिव्यांना घड्याळ बसवलं, शुक्रवारी आपोआप लागतात, आपोआप विझतात. तरी आई शेवटपर्यंत दर शुक्रवारी, दिवा चालू असताना, दाराकडे बघून म्हणायच्या, “किती अंधार आहे ना इथे.”

लिहा म्हणाली. गुरुवारपर्यंत पान पाठवायचंय. रेवदंड्याच्या ताई, ‘शाबेस-गोये’ हिब्रू लिपीत कसं लिहितात ते कागदावर काढून फोटो पाठवाल का? तेवढे दोन शब्द मला माझ्या हातानं लिहायचे आहेत.