मदत हवी आहे: पीएपीआर रुग्णालयातच कसे तपासावेत?

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात बायोमेडिकल इंजिनिअर आहे. आमच्याकडे एमडीआर टीबीचा (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचा) वॉर्ड आहे आणि त्याला लागूनच ब्रॉन्कोस्कोपीची, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासायची खोली. कोविडच्या काळात देणगीत आलेले काही पीएपीआर (ब्लोअरने गाळलेली हवा चेहऱ्याकडे सोडणारी श्वसनसंरक्षक यंत्रं) स्टोअरमध्ये पडून होते. कमरेला ब्लोअर आणि बॅटरी, पाठीमागून होज, डोक्यावर सैल हूड, असा प्रकार. आता ते ब्रॉन्कोस्कोपीसाठी बाहेर काढायचं ठरलंय. गरज खरी आहे. आमचे एक रेसिडेंट डॉक्टर शीख आहेत, दाढीमुळे एन९५ त्यांच्या चेहऱ्याला कडेने बसत नाही. दोन सिस्टर एन९५च्या फिट टेस्टमध्ये (मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का याच्या चाचणीत) नापास झाल्या. सॅकरिनचा फवारा मारला की त्यांना मास्कच्या आत लगेच गोड चव लागते.

ब्लोअर सुरू होतो, तोंडावर गार वारा येतो, त्यामुळे "चालतंय की, द्या वापरायला" असं सगळ्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. वारा लागतोय एवढ्यावरून तो पुरेसा आहे का आणि गाळून येतोय का, हे कसं कळणार? हूड घातलेली सिस्टर निर्धास्तपणे खोकणाऱ्या रुग्णावर वाकते. तिच्या त्या विश्वासाला आधार हवा.

अमेरिकेत निऑशच्या (श्वसनसंरक्षक साधनांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) निकषानुसार सैल हूडला मिनिटाला किमान १७० लिटर हवा लागते, चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या प्रकाराला ११५. ओशाच्या (तिथल्याच कामगार सुरक्षा नियामकाच्या) नियमात सैल प्रकाराला फिट टेस्टची सक्ती नाही. त्यावर बोट ठेवून एका विक्रेत्याने मला "मग कसलीच टेस्ट लागत नाही" असं सांगितलं. फिट टेस्ट चेहरा आणि मास्क यांच्या जोडीची असते. यंत्र धड आहे का, हा प्रश्न वेगळाच.

आमच्या यंत्रांसोबत हवेचा प्रवाह दाखवणारी तरंगत्या बॉलची नळी आलेली नाही. व्हेंटिलेटर तपासायचा फ्लो ॲनालायझर मात्र आहे. तो होजच्या टोकाला लावून मिळालेला आकडा ग्राह्य धरावा का? आणि ओटीचे हेपा फिल्टर तपासायला जी एजन्सी येते, तिच्याकडून हूडच्या आतले कण मोजून घेता येतील का?

प्रतिसाद १

ताई, फ्लो ॲनालायझर चालेल, पण त्याचं तोंड २२ मिलिमीटरचं असतं आणि पीएपीआरचा होज बहुतेक वेळा त्याहून रुंद. मध्ये अडॅप्टर आला की प्रवाह दबतो आणि आकडा कमी येतो. तरीही १७० भरले तर उत्तम. नाही भरले तर लगेच यंत्र बाद करू नका, रुंद नळीचं मीटर मिळवा. फिल्टर लावूनच मोजा. बॅटरी पूर्ण चार्ज करून सुरुवात करा आणि शेवटाकडे पुन्हा मोजा, जुन्या बॅटऱ्या तिथेच दगा देतात.

एजन्सीला बोलवा, पण दोन गोष्टी बघा. त्यांचा कण मोजायचा मोठा काउंटर मिनिटाला २८.३ लिटर हवा ओढतो. हूडमधून एवढी हवा काढली तर मोजमापच बिघडतं. २.८३ लिटरवाला छोटा काउंटर मागा. दुसरं म्हणजे, हेपा तपासायला ते सोडतात तो तेलाचा धूर वापरात जाणाऱ्या फिल्टरवर सोडू देऊ नका. विद्युतभारित धाग्यांच्या फिल्टरची गाळण्याची ताकद तेलाने कमी होते.

चाचणी ओटीत करू नका. तिथली हवा मुळातच इतकी स्वच्छ की आत-बाहेरचा फरक दिसणारच नाही. साधी बंद खोली घ्या, सलाइनचा नेब्युलायझर लावा, बाहेरचे आणि नाकाजवळचे ०.३ मायक्रॉनचे कण मोजा. आधी सीपीआर शिकवायच्या पुतळ्यावर (मॅनिकिनवर), कारण माणसाच्या श्वासातूनही कण येतात. मग माणसावर: वाकणं, मान वळवणं, मोठ्याने बोलणं. जोरात श्वास घेताना क्षणभर १७० लिटरपेक्षा जास्त हवा ओढली जाते आणि हनुवटीखालून बाहेरची हवा आत येते. माणसावर आतल्या कणांचा आकडा वाढला तर नेब्युलायझर वाढवून बघा. सोबत आतले कणही त्याच प्रमाणात वाढले, तर ती गळती.

ओशा एन९५ला १० पट संरक्षण धरते, पण फिट टेस्टला १००, म्हणजे त्याच्या दहापट, मागते. सैल प्रकाराला धरतात २५. त्याच हिशेबाने बाहेरचे कण भागिले आतले कण हे गुणोत्तर २५०च्या खाली आलं तर मी ते यंत्र कुणाच्या डोक्यावर चढवणार नाही.

प्रतिसाद २

मी आयसीयूत सिस्टर आहे. हूड घातल्यावर स्टेथोस्कोप लावता येत नाही आणि ब्लोअरच्या आवाजात मॉनिटरचा अलार्म ऐकू येत नाही. हेही चाचणीत धरा. होज दोन्ही हातांनी ताणून उजेडात बघा, घडीच्या तळाशी बारीक चिरा असतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज होज बघितले, एकाला खरंच ब्लोअरच्या टोकाशी चीर आहे, तो बाजूला काढला. मॅनिकिन आणि नेब्युलायझर आमच्याकडे आहेत. आमच्या एजन्सीकडे मात्र मोठाच काउंटर आहे. नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरकडे २.८३ लिटरचा काउंटर दोन दिवस भाड्याने देणारं कुणी माहीत असेल तर कृपया इथेच कळवा. तोवर हे पीएपीआर कुलपात.