सकाळची उपाशीपोटी साखर ठीक, तरी एचबीए१सी ८.६. आबांच्या जेवणात नेमके काय बदलावे?

प्रश्न: बावडेकर

आमच्या आबांचे वय ६२ असून त्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली आहेत. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड सकाळी, अशा गोळ्या चालू आहेत. घरात ग्लुकोमीटर आहे. आबा रोज सकाळी चहाच्या आधी स्वतः साखर तपासतात आणि आकडा बहुधा ११५ ते १३० च्या दरम्यान येतो, त्यामुळे आम्ही सगळे निर्धास्त होतो. मात्र या वेळी डॉक्टरांनी एचबीए१सी ही रक्तचाचणी करून घेतली, ती ८.६ टक्के निघाली. गोळ्या वाढवण्यापूर्वी काही आठवडे आहार सुधारून साखरेची नोंद घेऊन या, असे त्यांनी सांगितले आहे.

अडचण अशी की आमचे घर गुऱ्हाळाचे. साखर कारखान्यातली म्हणून वाईट, पण गूळ आपल्या शिवारातला, त्याने काही होत नाही, यावर आबा ठाम आहेत. सकाळी गुळाचा चहा, दुपारी जोंधळ्याच्या तीन भाकरी, रात्री भात-आमटी आणि झोपताना म्हशीचे पेलाभर दूध, असा त्यांचा क्रम आहे. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा ठरलेला आणि महिन्यातून एक-दोनदा मिसळ. गव्हाची चपाती ते खात नाहीत, म्हणून आपण पथ्यातच आहोत असे त्यांना वाटते. यातले काय बंद करावे, काय कमी करावे आणि साखर केव्हा तपासावी, हे कृपया सांगावे.

उत्तर १: राजारामपुरी (निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ)

आधी आकड्यांचा मेळ घालू. एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची खूण असते आणि ८.६ टक्के म्हणजे सरासरी सुमारे २०० मिलिग्रॅम. पहाटे १२० आणि सरासरी २०० हे दोन्ही खरे असेल, तर दिवसाच्या उरलेल्या वेळात साखर २०० च्या बरीच वर जात असली पाहिजे, आणि ती वेळ म्हणजे जेवणानंतरचे दोन-तीन तास. आबा दिवसातली सर्वांत चांगली वेळ गाठून तपासणी करतात, एवढाच याचा अर्थ.

म्हणून ग्लुकोमीटरच्या पट्ट्या तेवढ्याच वापरा, पण जोडीने: जेवणाच्या अगदी आधी एक आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरी. हात धुऊन उठल्यापासून दोन तास मोजू नयेत. एके दिवशी नाश्ता, दोन दिवसांनी दुपारचे जेवण, मग रात्रीचे, अशी पाळी लावली की आठवड्याभरात तिन्ही जेवणांचा अंदाज येतो. बहुतेक प्रौढांसाठी जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असे लक्ष्य धरतात; वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते सैल करू शकतात. वहीत आकड्याशेजारी ताटात काय आणि किती होते तेही लिहावे, कारण नुसत्या आकड्यांवरून डॉक्टरांना फारसे काही सांगता येत नाही.

तुमचे घर गुऱ्हाळाचे आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गुळाच्या रव्याचा (ढेपेचा) खडा फोडून त्याच बोटाला सुई टोचली, तर कातडीवरचा गूळ रक्ताच्या थेंबात उतरतो आणि यंत्र खोटाच मोठा आकडा दाखवते. नोकरीत असताना असा चिकट बोटांचा माणूस समोर आला की मी आधी त्याला नळावर पाठवत असे. साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचावे आणि पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी भरवशाची नसते. यंत्राची खात्री करायची असेल, तर प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त देताना त्याच वेळी बोटाची साखरही तपासून पाहा. दोन्हींत १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो.

आबांचे हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. लोहाची कमतरता असेल, तर एचबीए१सी उगीच थोडी वर दिसू शकते.

उत्तर २: मंगळवार पेठेतील गृहिणी

दादा, आमच्या मामंजींचेही अगदी असेच होते, म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिते. गुळात लोह आणि इतर क्षार थोडे असतात हे मान्य, पण त्याचा फार मोठा भाग साखरच असते आणि रक्तात गेल्यावर ती कोणत्या शिवारातली हे कोणी विचारत नाही. काकवीचेही तेच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा आपण अभिमान जरूर बाळगावा. चहात मात्र तो नको. आमच्याकडे गोडी एकदम न तोडता दर आठवड्याला थोडी कमी केली आणि मामंजींची कुरकुर हळूहळू थांबली.

भाकरीबद्दल आबांचा गैरसमज दूर करायला हवा. ज्वारीत तंतू चांगले असतात, पण १०० ग्रॅम पिठात कर्बोदके ७० ग्रॅमच्या आसपास असतातच. आपल्याकडच्या तळहाताहून मोठ्या, जाड तीन भाकरी म्हणजे पीठ किती होते, ते एकदा तव्यावर टाकण्यापूर्वी काट्यावर तोलून पाहा. मी तोलले तेव्हा आमच्या घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. भाकरी दीडवर आणावी आणि उरलेली भूक उसळ, पालेभाजी, काकडी-कांदा, ताक यांनी भागवावी. आधी भाजी-उसळ आणि शेवटी भाकरी किंवा भात, असा क्रम ठेवला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

रश्श्याला मी उगाच दोष देणार नाही. मटणात कर्बोदके जवळजवळ नसतात आणि पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधाने साखर फारशी उडत नाही. तिथे काळजी चरबीची आणि मिठाची. साखर चढते ती रश्श्यात कालवलेल्या भाताने. वाढप्याच्या हातून भात परत परत येतो, तो एका वाटीवर थांबवावा. मिसळीतही मटकी बिचारी निरुपद्रवी आहे, खरे काम फरसाण आणि ब्रेडचे स्लाइस करतात. पेलाभर दुधात १२ ते १५ ग्रॅम दुग्धशर्करा आणि भरपूर साय असते, तेव्हा झोपतानाचा पेला अर्ध्यावर आणता आला तर पाहावे. मात्र गोळ्या पाहता हे डॉक्टरांना विचारूनच.

उत्तर ३: करवीर

इतका हिशोब कशाला? रोज उपाशीपोटी कारल्याचा रस आणि भिजवलेल्या मेथ्या द्याव्यात. आमच्या भावकीतील एकाने गोळ्या सोडल्या, आज ठणठणीत आहे.

उत्तर ४: औषध दुकानदार, शाहूपुरी

करवीर यांचा हेतू चांगला असला तरी हा सल्ला आबांसाठी धोक्याचा आहे. कारल्याची भाजी खुशाल खावी, पण गोळ्या सोडणे नको, आणि चालू गोळ्यांवर रसाचा मारा तर नकोच. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न पुरेसे नसले तरी तिचे काम चालूच राहते. त्यामुळे भाकरी तीनवरून एकदम एकवर आणली किंवा जेवण लांबले, तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे असा त्रास होऊ शकतो. अशा वेळी साखर तपासावी आणि १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासून अजून कमी असल्यास तेवढीच पुन्हा द्यावी आणि सावरल्यावर काहीतरी खायला घालावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा.

नवरात्रात आबा नऊ दिवस उपवास करत असतील, तर गोळ्यांची वेळ आणि मात्रा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. दिवसभर कडक उपाशी आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, हा दोन्हीकडून त्रास देणारा प्रकार आहे. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असल्याने जीवनसत्त्व बी १२ कमी झालेले नाही ना, याची तपासणीही सुचवेन.

बावडेकर

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या आठवड्याच्या नोंदी अशा: पोहे आणि गुळाचा चहा, आधी १२४, दोन तासांनी २५८. दुपारी दोन भाकरी, मटकीची उसळ, ताक: आधी १४१, नंतर १९२. रात्री आमटी-भात: आधी १५०, नंतर २४६. आबांनी २५८ हा आकडा पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी बिनगुळाचा चहा स्वतःच मागितला. भातावर मात्र अजून बोलणी चालू आहेत.

उत्तर १: राजारामपुरी

म्हणजे नाश्ता आणि रात्रीचा भात, या दोन ठिकाणीच आधी लक्ष घाला. दुपारच्या ताटाला तूर्त हात लावू नका. पोह्यांऐवजी मुगाच्या डाळीचे धिरडे किंवा अंडी देऊन तीच जोडी पुन्हा मोजा. रात्री भाताची एकच वाटी ठेवून जेवणानंतर आबांना पंधरा मिनिटे चालवून आणा, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात. वही घेऊन ठरल्या दिवशी डॉक्टरांकडे जा, गोळ्यांचा निर्णय तेच घेतील. एचबीए१सी तीन महिन्यांनीच पुन्हा करा. त्याआधी केल्यास जुन्या दिवसांची साखरही त्यात मोजली जाते.