शब्दचर्चा : पात्र, भूमिका की सोंग?

गेल्या आठवड्यात नाशिकला गंगापूर रोडवर बहिणीकडे गेलो असता भाचा प्लेस्टेशन ४ वर ‘फायनल फँटसी १४’ खेळत होता. हा ऑनलाइन खेळ या कन्सोलवर २०१४ साली आला. “मी टँक आहे, मला आत्ता उठता येणार नाही,” असे तो म्हणाला, तेव्हा आईने आधी गच्चीतल्या टाकीकडे पाहिले. टँक म्हणजे गटात पुढे राहून मार झेलणारा, हा सगळा खुलासा ऐकून झाल्यावर पेठ तालुक्यात बालपण गेलेल्या तिने विचारले, “म्हणजे आज त्याचं सोंग घेतलंय होय?”

अशा खेळात दुसऱ्या कुणाचे तरी रूप घेऊन वावरायचे असते. या ‘रोल-प्लेइंग’साठी मराठीत ‘भूमिका’ हा शब्द सहज सुचतो. परंतु ‘सरकारची भूमिका’ वाचून वाचून त्यातला रंगमंच पार पुसट झाला आहे. ‘सोंग’ मात्र अजून जिवंत आहे. पेठ, सुरगाणा भागातील बोहाडा या लोकोत्सवात देव-दैत्यांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर सोंगे नाचवली जातात आणि मुखवटा उतरला की तो माणूस पुन्हा गावातला होतो. या खेळातही हातातले शस्त्र बदलले की ढाल-तलवारवाला पॅलाडिन क्षणात उपचार करणारा व्हाइट मेज होतो. नाव आणि चेहरा तेच राहतात. म्हणून जे कायम राहते ते ‘पात्र’ आणि जे बदलते ते ‘सोंग’, असा भेद मला योग्य वाटतो. (‘अवतार’ हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच नेला, पण “काय अवतार केलायस!” हे ऐकत वाढलेल्यांना तो वापरताना हसू येते.)

‘सोंग’ म्हणजे ढोंग, असा आक्षेप येईल. माझ्या मते ढोंगाचा अर्थ त्या नामात नसून आधीच्या षष्ठीत आहे : झोपेचे, आजारपणाचे किंवा पैशाचे, म्हणजे एखाद्या अवस्थेचे सोंग असेल तर ते ढोंग, रावणाचे किंवा गणपतीचे, म्हणजे व्यक्तीचे सोंग असेल तर ते नाट्य.

‘टँक’ला मात्र मला प्रतिशब्द सापडला नाही. त्याचे काम शत्रूचा रोख स्वतःकडे वळवून सोबत्यांना वाचवण्याचे असते. भाच्याने ते एका वाक्यात सांगितले : “मी त्याला अंगावर घेतो, तोवर बाकीचे मारतात.” नाम नाही, पण क्रियापद तयारच आहे.

प्रतिसाद :

षष्ठीचा मुद्दा पटला. तरी ‘भूमिका’ टाकून देऊ नये. या खेळात चौघांच्या गटात एक टँक, एक हीलर (उपचार करणारा) आणि दोघे मारा करणारे असतात. ही झाली गटातील जबाबदारी. पॅलाडिन आणि वॉरियर हे दोघेही टँकच असल्यामुळे तेथे भूमिका एक आणि सोंगे दोन, असे म्हणावे लागेल. आपल्या मातोश्रींचा प्रश्नही त्यामुळे किंचित बदलावा लागतो : टँकचे सोंग नसते, वॉरियरचे असते.