विश्वास कुठून येतो

एका कथेत स्मृती गेलेली, स्वतःचं नावही न आठवणारी नायिका तिच्या पंख असलेल्या अमानवी रक्षकावर लगेच विश्वास ठेवते. हे न पटणारं आहे, असं एका वाचकाचं म्हणणं आहे. मला ते पटतं. स्मृती गेली म्हणून सगळंच पुसलं जात नाही. एदुआर क्लापारेद या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९११ साली एका स्मृतिभ्रंश झालेल्या बाईबद्दल लिहिलं होतं. बोटांत टाचणी लपवून त्याने तिच्याशी हात मिळवला. पुढच्या वेळी तिला ना तो आठवला, ना टोचणं. पण तिने हात मागे घेतलाच! भीती अशी उरते, तर आधार का उरू नये? रक्षकाच्या पंखांची सावली पडताच नायिकेचे आवळलेले खांदे सैल होतात, ते म्हणूनच खरं वाटतं.

मला खटकतं ते रक्षकाचं गप्प राहणं. सगळा भूतकाळ ठाऊक असूनही तो तिला अंधारात ठेवतो, मग तिच्या होकाराला अर्थ काय?